टॉप फिल्टरमध्ये पीएच आणि तापमानाचे प्रोब कायमचे कसे बसवावेत

माशांच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) चोवीस तास मोजायचा ठरवलं की बहुतेक जण काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी बोर्ड मागवतात, मग कोड लिहितात, मोबाइलवर आलेख दिसायला लागतो आणि सगळ्यात शेवटी प्रोब, म्हणजे पाण्यात बुडणारी मोजणारी कांडी, सक्शन कपने काचेला चिकटवून पाण्यात सोडतात. थोड्याच दिवसांत आकडे भरकटतात आणि सेन्सर स्वस्तातला होता असं ठरतं. खरं तर स्वस्त प्रोबही घरगुती टाकीसाठी पुरेसा असतो. चुकते ती त्याची जागा आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांशी आकडा जुळवून घेणं. म्हणून या लेखात कोडला सर्वांत कमी जागा आहे आणि प्रोब जिथे बसणार त्या चार इंचांना सर्वांत जास्त.

इथे गोड्या पाण्याची, साधा टॉप फिल्टर असलेली टाकी धरली आहे. खाली पॉवरहेड (पाण्यात बुडणारा छोटा पंप), वर स्पंज आणि रिंग भरलेला डबा, डब्यातून पाणी परत टाकीत, अशी तिची रचना. घरोघरी हाच फिल्टर दिसतो आणि बदल करायलाही तो सर्वांत सोपा. कॅनिस्टरच्या, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेल्या बंद फिल्टरच्या, परतीच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रोब बसवता येतो, पण तिथला सांधा सुटला तर निम्मी टाकी फरशीवर येते. पहिला प्रयोग कॅनिस्टरवर नको.

काय मोजायचं, काय नाही

कायमस्वरूपी मोजायच्या गोष्टी दोनच: पीएच आणि तापमान. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट यांसाठी थेंबांचं टेस्ट किटच वापरा. त्यांचे भरवशाचे प्रोब घरगुती खर्चात बसत नाहीत.

या दोन आकड्यांमुळे किटचा निकाल नीट वाचता येतो. किट एकूण अमोनिया दाखवतं, पण त्यातला विषारी भाग किती हे पीएच आणि तापमानावर अवलंबून असतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.६ टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५.४ टक्क्यांच्या आसपास जातो. किटवरचा रंग तोच असला तरी माशांचा धोका नऊपट झालेला असतो.

टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) प्रोब पहिल्या बांधणीत घेऊ नका. तो पाण्यात वीजप्रवाह सोडून मोजतो, आणि त्याच पाण्यात, त्याच पुरवठ्यावर पीएचचा प्रोब असेल तर पीएचचा आकडा सरकतो. दोघांना विद्युतदृष्ट्या वेगळं करणारं आयसोलेटर मॉड्यूल लावता येतं, पण सुरुवातीला तो गुंता कशाला? आठवड्यातून एकदा हातातल्या टीडीएस पेनने मोजलं तरी भागतं.

टप्पा १: सामान आणि त्यातल्या फसगती

- पीएच प्रोब, १२ मिमी व्यासाचा, बीएनसी जोडणीचा (गोल, फिरवून अडकणारी). सोबत पीएच-४५०२सी मॉड्यूल, जे प्रोबचा दुबळा संकेत वाढवतं
- डीएस१८बी२० तापमान सेन्सर, स्टीलच्या टोपणाचा, वायरसह
- ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड) आणि एडीएस१११५ मॉड्यूल (व्होल्ट अचूक मोजणारं)
- १० किलोओहमचे तीन आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, झीरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची कोरी पाटी), झाकणाचा प्लास्टिक डबा
- नायलॉनचे केबल ग्लँड (भोकात वायर किंवा प्रोब घट्ट धरणारे): पीजी१६ एक पीएच प्रोबसाठी, पीजी७ एक तापमान सेन्सरसाठी
- ६३ मिमीच्या पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा आणि त्याची एंड कॅप
- एअर पंपाची बारीक नळी, टी आणि प्लास्टिकचा नॉब
- बफर पावडरी (ठरावीक पीएचचं द्रावण बनवायच्या), डिस्टिल्ड वॉटर, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण

पितळी ग्लँड दुकानदार कौतुकाने पुढे करतो. तो घेऊ नका. पितळात तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगायींना ते सोसत नाही. सिलिकॉन लागलंच तर ॲक्वेरियमचंच घ्या. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमधली रसायनं पाण्यात उतरतात.

पोटॅशियम क्लोराइड प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. २२.४ ग्रॅम पावडर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण केलं की ते ३ मोलर होतं. कृषी केंद्रातलं पोटॅश खत त्याऐवजी चालत नाही.

> इशारा: प्रोबच्या टोकावरची टोपी काढल्यावर त्याला साध्या, डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवून देऊ नका. आतलं द्रावण बाहेर झिरपतं आणि प्रोबचं आयुष्य घटतं. ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडमध्येच.

टप्पा २: प्रोबची वाटी

सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि जवळपास सगळेच तो गाळतात.

टॉप फिल्टरच्या डब्यात प्रोब नुसता सोडला तर वीज असेपर्यंत सगळं ठीक चालतं. वीज गेली की पॉवरहेड थांबतो, डब्यातलं पाणी टाकीत उतरतं आणि प्रोबचं काचेचं टोक उघडं पडतं. उन्हाळ्यात दोन-तीन तासांचं भारनियमन झालं तरी ते वाळायला लागतं. वीज आल्यावर आकडा पुन्हा दिसतो, पण तो आधीचा राहिलेला नसतो. म्हणून प्रोबला स्वतःची वाटी हवी. डबा रिकामा झाला तरी ती भरलेली राहिली पाहिजे.

१. फिल्टरच्या डब्याची आतली उंची मोजा. तिच्यापेक्षा २ सेंमी कमी उंचीची वाटी होईल असा पाइप कापा. वाटीत किमान ५ सेंमी पाणी उभं राहायला हवं. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करा.

२. एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा. २४ तास वाळू द्या, नंतर वाटी पाण्याने भरून एक रात्र ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. सिमेंटचा वास येत असेल तर हेच पुन्हा करा.

३. वाटी डब्याच्या कोपऱ्यात उभी करा, जिथे वरून पाण्याची धार पडत नाही. धारेबरोबर बुडबुडे येतात आणि बुडबुडा काचेच्या टोकाला चिकटला की आकडा उड्या मारतो.

४. पॉवरहेडच्या वर चढणाऱ्या पाइपला टी लावून बारीक नळी काढा, मध्ये नॉब बसवा आणि नळीचं टोक वाटीच्या तळापर्यंत न्या. पाणी तळाशी येऊन काठावरून सांडेल, त्यामुळे वाटीतलं पाणी सतत बदलत राहतं. नॉब इतपतच उघडा की काठावरून शांतपणे ओघळ वाहील.

५. वाटीच्या काठाच्या वर, पण डब्याच्या झाकणाखाली राहील अशा जागी नळीला २ मिमीचं भोक पाडा.

हे पाचवं काम विसरलात तर बाकीची चारही वाया जातात. पंप थांबला की तीच नळी सायफन बनते आणि वाटीतलं पाणी उलट टाकीत ओढून घेते. भोकातून हवा शिरली की सायफन तुटतो. पंप चालू असताना या भोकातून थोडं पाणी उडेल, ते डब्यातच पडतं.

> तपासणी: पंप चालू करून वाटी भरू द्या. पंप बंद करा आणि तासाभराने झाकण उघडून पाहा. वाटी काठोकाठ भरलेली असेल तरच पुढे जा. पातळी उतरली असेल तर भोक बुजलंय, पाण्याखाली गेलंय किंवा कॅपचा सांधा गळतोय.

टप्पा ३: झाकणाला भोकं आणि ग्लँड

झाकण डब्यावरून काढून, टाकीपासून लांब नेऊन भोकं पाडा. प्लास्टिकचा कीस टाकीत पडला तर मासे तो गिळतात.

पीजी१६ ग्लँडला २२.५ मिमीचं आणि पीजी७ ला १२.५ मिमीचं भोक लागतं. स्टेप ड्रिलने आधी २२ आणि १२ मिमीपर्यंत जा, उरलेलं गोल कानशीने वाढवा. साधा मोठा ड्रिल बिट एकदम घातला तर पातळ झाकण तडकतं. खाली लाकडाची फळी ठेवा, वेग कमी ठेवा.

दोन्ही भोकं वाटीच्या बरोबर वर यायला हवीत. वाटी जागेवर ठेवून झाकणावर खूण करा. अंदाजाने खूण केली की प्रोब तिरका बसतो आणि वाटीच्या भिंतीला टेकतो.

प्रोब वरून घाला. त्याची वायरकडची जाड टोपी आणि वायर झाकणाच्या वर, कोरडी राहिली पाहिजे. या स्वस्त प्रोबचा वायरजवळचा सांधा पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेला नसतो. टोक वाटीच्या पाण्यात ३ ते ४ सेंमी बुडावं, तळापासून मात्र एक सेंमी वर राहावं. प्रोब उभाच ठेवा. आडवा केला तर आतल्या द्रावणातला हवेचा फुगा टोकाशी जाऊन बसतो. ग्लँड हाताने आवळा, पान्याची गरज नाही.

झाकण पारदर्शक असेल तर वाटीवरच्या भागाला काळी टेप लावा. उजेड मिळाला की काचेवर शेवाळ धरतं.

टप्पा ४: विजेची सुरक्षितता

पाण्याजवळ २३० व्होल्टचं काहीही उघडं ठेवायचं नाही. बोर्डाला ५ व्होल्टचा चांगल्या कंपनीचा चार्जर द्या आणि तो चार्जर टाकीच्या वरच्या किंवा खालच्या नव्हे, बाजूच्या सॉकेटमध्ये लावा. टाकीकडून येणारी प्रत्येक वायर सॉकेटपाशी चढण्याआधी खाली झोळ खाऊन जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो.

टाकीचा पुरवठा ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीमधून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) येतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरात तो नसेल तर या प्रकल्पाआधी तो बसवा. जुन्या पॉवरहेडची वायर उकलून पाण्यात गळती होत असेल तर पीएचचा आकडाही बिघडतो. पण आकडा ही दुय्यम गोष्ट आहे. त्याच पाण्यात तुम्ही हात घालता.

टप्पा ५: जोडणी

पीएच-४५०२सी मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं आणि त्याची पीओ ही पीएचचा संकेत देणारी पिन ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. ईएसपी३२ आणि त्याच्या ३.३ व्होल्टवर चालणारं एडीएस१११५ एवढा विजेचा दाब सोसत नाहीत. म्हणून मध्ये तो कमी करणारा विभाजक लागतो: पीओपासून एडीएसच्या ए० पिनपर्यंत एक १० किलोओहम, आणि ए० पासून ग्राउंडपर्यंत दोन १० किलोओहम एकापुढे एक. दाब दोन-तृतीयांश होतो.

एडीएसच्या एसडीए आणि एससीएल या पिना ईएसपी३२ च्या अनुक्रमे २१ आणि २२ क्रमांकाच्या पिनांना जोडा. डीएस१८बी२० ची डेटा वायर, जी बहुधा पिवळी असते, ४ क्रमांकाच्या पिनला. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहम विसरू नका.

ईएसपी३२ च्या स्वतःच्या ॲनालॉग पिना का नकोत? एक तर त्या सरळ रेषेत मोजत नाहीत. शिवाय त्यांतला दुसरा गट वायफाय चालू असताना वापरता येत नाही. पीएचमध्ये इथे एका एककाला जेमतेम ०.१२ व्होल्टचा फरक पडतो, तिथे एवढी ढिलाई चालणार नाही.

सगळं झीरो पीसीबीवर सोल्डर करा. ब्रेडबोर्ड टाकीशेजारच्या दमट हवेत महिनाभरही नीट टिकत नाही. बीएनसी जोडणी बोर्डाच्या प्लास्टिक डब्याच्या आत घ्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. प्रोबचा संकेत इतका दुबळा असतो की जोडणीवर साचलेला ओलावाही तो गिळतो. त्याच कारणाने प्रोबची वायर साध्या वायरने लांबवायची नाही.

> तपासणी: प्रोब काढा. बीएनसीची मधली पिन आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्याने जोडा. आता पीओवर मल्टिमीटरने २.५० व्होल्ट यायला हवेत. नसतील तर बीएनसीजवळचा छोटा स्क्रू फिरवून आणा. दुसरा स्क्रू इशाऱ्याच्या मर्यादेचा असतो, त्याला हात लावू नका. नंतर ए० वर १.६७ व्होल्ट दिसले की विभाजकही बरोबर आहे.

तापमानाचा आकडा उणे १२७ आला तर सेन्सर जोडलेला नाही. ८५ आला तर सेन्सरने मोजायच्या आत तुम्ही वाचलंय. त्याला पूर्ण मोजमापाला पाऊण सेकंद लागतो. हे दोन्ही आकडे कोडमध्येच टाकून द्या.

टप्पा ६: कॅलिब्रेशन

प्रोबसोबत येणाऱ्या पावडरींच्या पाकिटांवर अनेकदा ४.००, ६.८६ आणि ९.१८ असं छापलेलं असतं. लोक मधलं पाकीट "सातचं" समजून वापरतात आणि कोडमध्ये ७ टाकतात. तिथेच ०.१४ ची चूक कायमची बसते. पाकिटावर जो आकडा असेल तोच कोडमध्ये जाईल, याची खात्री करा.

प्रत्येक पावडर पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. नळाचं पाणी चालत नाही. ९.१८ चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर बिघडतं, म्हणून ते ताजंच वापरा. तुमच्या टाकीचा पीएच सातच्या आसपास किंवा खाली असेल तर मधलं आणि ४ चं बफर घ्या. बोअरच्या कठीण पाण्यामुळे तो ७.५ च्या वर राहत असेल तर मधलं आणि ९.१८ चं.

क्रम असा:

१. प्रोब नवा असेल तर आधी काही तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा.
२. डिस्टिल्ड पाण्याने टोक धुवा. टिश्यूने टिपा, घासू नका. घासल्याने काचेवर स्थिर विद्युत जमते आणि आकडा बराच वेळ डळमळतो.
३. मधल्या बफरमध्ये बुडवा, हळू ढवळा आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. दोन-तीन मिनिटं सहज लागतात. ए० चे व्होल्ट लिहून घ्या.
४. पुन्हा धुवा, टिपा, दुसऱ्या बफरमध्ये बुडवा, लिहून घ्या.
५. परत पहिल्या बफरमध्ये बुडवून तोच आकडा येतो का पाहा.

आता उदाहरण. समजा ६.८६ ला तुमच्या वहीत १.६८४ व्होल्ट लिहिलेत आणि ४.०० ला २.०३३. फरक ०.३४९ व्होल्ट, आणि पीएचचा फरक २.८६. भागाकार केला की एका एककाला ०.१२२ व्होल्ट. हाच उतार. या मॉड्यूलमध्ये पीएच वाढला की व्होल्ट कमी होतात, म्हणून सूत्र असं:

पीएच = ६.८६ + (१.६८४ − मोजलेले व्होल्ट) ÷ ०.१२२

टाकीत १.६०० व्होल्ट आले तर उत्तर ७.५५. चिन्ह उलटं पडलं की टाकी आम्लधर्मी दिसते आणि घाबरून लोक पाण्यात सोडा टाकतात. म्हणून कॅलिब्रेशननंतर तिसरं, न वापरलेलं बफर मोजून पाहा.

तापमानानुसार पीएच दुरुस्त करायचं सूत्र टाकण्याचा मोह होतो. आदर्श प्रोबचा उतार २५ अंशांना ५९.१६ मिलीव्होल्ट आणि ३० अंशांना ६०.१५ मिलीव्होल्ट असतो. सातच्या जवळपास याने पडणारा फरक शंभरांशाच्या घरातला आहे. सोडून द्या.

टप्पा ७: कोड आणि नोंद

दर पाच मिनिटांनी एक नोंद पुरे. प्रत्येक नोंदीसाठी तीस-चाळीस वाचनं घ्या, लहान-मोठ्या क्रमाने लावा, दोन्ही टोकांची काढून टाका आणि मधल्यांची सरासरी घ्या. एडीएसची मर्यादा ४.०९६ व्होल्टवर ठेवा. मग प्रत्येक पायरी ०.१२५ मिलीव्होल्टची होते. मर्यादा बदललीत आणि गुणक तसाच ठेवलात तर सगळे आकडे चुकतील.

उताराचा आणि बफरचा आकडा कोडमध्ये पेरून ठेवण्याऐवजी बोर्डाच्या स्मृतीत साठवा, म्हणजे पुढच्या कॅलिब्रेशनला लॅपटॉप उघडावा लागणार नाही.

> इशारा: या आकड्यांवरून औषधाचा, आम्लाचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा पंप आपोआप चालू-बंद करू नका. प्रोबवर शेवाळ धरलं तरी आकडा सरकतो, आणि यंत्र त्या खोट्या आकड्यावर खरं रसायन ओततं. यंत्राने कळवावं, निर्णय तुम्ही घ्यावा.

टप्पा ८: आलेख वाचणं

प्रोब बसवल्यावर पहिला आठवडा टाकीत काहीही बदलू नका. नुसतं पाहा. पहाटे पीएच सर्वांत खाली आणि दिवे बंद व्हायच्या सुमारास सर्वांत वर दिसेल, कारण वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतात आणि रात्री सोडतात. ही लाट निरोगी टाकीतही असते. रोज संध्याकाळी एकदाच पट्टीने मोजणाऱ्याला तिचा फक्त माथा दिसतो.

लाट दर आठवड्याला मोठी होत असेल तर केएच मोजा. केएच म्हणजे पीएचला धरून ठेवणारी बायकार्बोनेटची ताकद. एक जर्मन अंश म्हणजे १७.८६ पीपीएम. तीन अंशांच्या खाली गेली की पीएच सैल होतो. निव्वळ आरओचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे हटकून घडतं.

लाट तेवढीच, पण सगळा आलेखच महिनाभर हळूहळू खाली उतरतोय? फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना ही ताकद खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७.१४ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. उपाय म्हणजे नियमित पाणी बदलणं. बाजारातली पीएच वाढवणारी बाटली ओतली तर आकडा चढतो, केएच फारशी वाढत नाही आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा खाली येतं. त्या चढउतारात मासे जास्त दमतात.

आकडा अचानक, एका नोंदीत, अर्ध्या एककाने उडाला तर पाण्याकडे बोट दाखवू नका. पाण्याचा पीएच सहसा असा उडी मारत नाही. पंप आणि हीटर एकेक करून बंद करा. एखादा बंद करताच आकडा जागेवर आला तर त्या उपकरणातून गळती आहे. ते पाण्याबाहेर काढा आणि पुन्हा लावू नका. तसं नसेल तर बुडबुडा किंवा ओली बीएनसी.

देखभाल

महिन्यातून एकदा वाटी उपसून गाळ काढा, नळीचं छोटं भोक सुईने मोकळं करा आणि दोन्ही बफरमध्ये प्रोब तपासा. शेवाळ असेल तर भांडी धुण्याच्या द्रावणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ ब्रशने अलगद काढा. पांढरा क्षार धरला असेल तर काही मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. दोन्ही वेळा स्वच्छ धुऊन तासभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा आणि नव्याने कॅलिब्रेट करा.

प्रत्येक वेळचा उतार तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या दिवशी ०.१२२ होता आणि आता स्वच्छ करूनही ०.१०४ च्या खाली गेला, म्हणजे मूळच्या ८५ टक्क्यांच्याही खाली, तर प्रोब बदला. सतत पाण्यात असलेला प्रोब साधारण वर्ष-दीड वर्ष चालतो. मॉड्यूल आणि बाकी सगळं तसंच राहतं.

टाकी काही काळ बंद ठेवणार असाल तर प्रोब काढून टोपीत पोटॅशियम क्लोराइड भरून उभा ठेवा. चुकून वाळलेला प्रोब लगेच फेकू नका. रात्रभर त्याच द्रावणात भिजवा, मग उतार मोजा आणि त्यावरून ठरवा.